नायिकेच्या तोंडी आमच्या ह्यांचा आवाज

माझी शाळा चौथीत संपली. तरीही या घरातला एकही गुन्हेगार आजवर माझ्या नजरेतून सुटलेला नाही. साय कोणी खाल्ली, न्हाणीघरातला दिवा कोणी चालू ठेवला, सून फोनवर माझ्याबद्दल काय बोलली, सगळं मी नुसत्या चेहऱ्यावरून सांगते. हात तर असे की डुगडुगणारं शिलाई मशीन मागच्याच आठवड्यात मी मिस्त्री न बोलावता ताठ उभं केलं. शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाई तक्रार घेऊन आल्या, त्या योग्य दारी आल्या एवढंच म्हणते.

तक्रार अशी. दुपारी चारला त्यांच्या टीव्हीवरची नायिका रडायला तोंड उघडते आणि आतून आमचे हे बोलतात, "ऐकू येतंय का? ओव्हर."

ह्यांना हॅम रेडिओचा नाद. मागच्या खोलीत बसून रोज चारला समुद्रापलीकडच्या मित्राशी गप्पा.

"शनिवारपर्यंत थांबवा," बाई म्हणाल्या, "नाहीतर मी लेखी कळवते. रेडिओचा परवाना जाईल."

परवाना गेला तर हा माणूस दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात बसून 'गॅस बारीक कर' म्हणणार. मी तपास हाती घेतला.

पहिला संशय खुद्द बाईंवर. "टीव्ही तुमचा, आवाज तुमच्या घरात, आणि चोर आम्ही?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी अंगठे धरायच्या बेतात होते. संशय मागे घेतला.

दुसरा संशय अँटेनावरच्या कबुतरावर. काठी घेऊन गच्चीत उभी राहिले. चारला कबुतर नव्हतं, आवाज होता. कबुतर निर्दोष सुटलं.

तिसरा सुनेच्या मिक्सरवर. दोन दिवस जप्त केला. आवाज तसाच, फक्त सून खूश.

शेवटी ह्यांनाच विचारलं, "अहो, होतं कशानं हे?"

"अगं, सेटमधून हवी ती लहर निघते, तिच्यामागून नको त्याही निघतात. त्या अडवायला मागे फिल्टर आहे ना!"

"बघितलात?"

"बघायचं काय? अकरा वर्षांपूर्वी मीच लावलाय."

तो मुद्दा तिथेच मिटला.

शुक्रवारी सुनेची बॉबिन घरंगळत मशीनखाली गेली. ती ओणवी झाली ती तशीच राहिली.

"आई, या पायाखाली पत्र्याची डबी कसली?"

"टेकू आहे तो."

"टेकूला दोन्हीकडे वायर जोडायची तोंडं असतात?"

आता सांगते. सेटमागची धूळ काढताना ती डबी दोन वायरींच्या मध्ये लोंबत होती. दिवा नाही, आवाज नाही, बटण नाही. घरात नुसतं बसून खाणारं मला चालत नाही. मी ती काढली आणि खणातल्या पितळी जोडणीनं वायरींची टोकं एकमेकांना जोडून दिली. रेडिओही चालला, मशीनही ताठ झालं. कुठल्या इंजिनिअरला जमलं असतं?

ह्यांनी डबीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एक शब्द बोलले असते तर मी त्यांचं 'अकरा वर्षांपूर्वी मीच लावलाय' बाहेर काढलं असतं.

फिल्टरची डबी जागेवर गेली. शनिवारी चारला नायिका स्वतःच्या आवाजात रडली. हे मागच्या खोलीत, मी माझ्या स्वयंपाकघरात.

संध्याकाळी बाई आल्या. आभार मानतील म्हणून मी पदर सावरून बसले. त्या दारातच घुटमळल्या.

"तुमचे यजमान त्या मित्राला गुडघ्याचं ऑपरेशन करून घे म्हणत होते. घेतलं का त्यानं?"

"मला काय माहीत? मी ह्यांचं बोलणं कधी ऐकते!"

"मालिकेपेक्षा बरं होतं हो."

मी मशीनकडे पाहिलं. ते पुन्हा डुगडुगत होतं.

"डबी परत खाली सरकवू?"

बाईंनी जिन्यात कोणी नाही ना ते पाहिलं.

"गुडघ्याचं कळेपर्यंतच," त्या हळूच म्हणाल्या. "आणि लेखी काही नको."