परक्या भिंतीवरचा फळा

"फळा रिकामा नोको ठेवजो वं सूनबाई. रोज एक ओळ लिहत जाजो. अक्षर मोठं काढजो, लोकाइले बारीक दिसत नाही."

निवृत्त शिक्षक वामनरावांचं हे शेवटचं सांगणं. गोपिकाने 'हो मामंजी' म्हटलं आणि त्यांनी समाधानाने डोळे मिटले.

आता, सुविचार माणसाला कुठेही सुचू शकतो, अगदी न्हाणीघरातसुद्धा. पण तो चारचौघांत मांडायला भिंत लागते, आणि सोयीची भिंत नेहमी दुसऱ्याची असते. वामनरावांचा फळा वर्षानुवर्षे नंदनवन वस्तीच्या चौकात, लाकडाच्या टालाच्या, म्हणजे वखारीच्या, भिंतीवर टांगलेला होता. मग प्रगती आली. रस्ता रुंद झाला, भिंत गेली, त्याच उन्हाळ्यात वामनराव गेले आणि फळा घरी आला. घर गल्लीच्या पार टोकाला. दारावरून जाणाऱ्यांत दूधवाला आणि त्याची म्हैस. दोघांनाही वाचनाची आवड नव्हती.

गोपिका सोमवार, चतुर्थी, एकादशी पाळणारी बाई. माणसाला दिलेला शब्दही ती त्याच हिशेबात धरी. वर्षश्राद्धाच्या आत फळा लावायचा, आणि तोवर साखर वर्ज्य, असं तिने देवापुढे ठरवलं. कुणाला सांगितलं नाही. (सांगून केलेल्या व्रताला जाहिरात म्हणतात.)

"अहो, एखादी भिंत पाहून द्या ना," ती एवढंच म्हणाली.

तिचे यजमान मनोहरराव सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. दुसरा कुणी उतावळा माणूस असता तर हातोडी आणि खिळा घेऊन निघाला असता. मनोहरराव मोजपट्टी घेऊन निघाले.

"खिळा कोणीही ठोकतो," ते म्हणाले. "भिंत निवडणं ही जबाबदारी आहे. आपण तुलनात्मक अभ्यास करू."

गोपिकाला बरं वाटलं. एवढा विचार करणारा नवरा किती जणींना मिळतो!

अभ्यासाचा आरंभ धोंडबाच्या पानठेल्यापासून झाला. वर्दळ मोठी, ठेला पहाटेपासून उघडा. मनोहरराव अख्खा रविवार तिथे उभे राहिले आणि त्यांनी आकडेवारी काढली: शंभरांतले साठ जण पान खायला येतात, तीस जण खाल्लेलं थुंकायला, नऊ जण नुसते येतात, आणि उरलेला एक वाचतो, पण तो चष्मा घरी विसरून आलेला असतो. धोंडबाची अट साधी होती. "तुमच्या ओळीखाली माही एक ओळ राहीन, भाऊ. 'मिठा पान मिलेगा.' दोन्ही चांगलेच विचार हायेत."

त्यानंतर देवरावची पीठगिरणी. इथला वाचकवर्ग उत्तम. दळण होईपर्यंत बायांना दुसरं काम नसतं. देवरावने हमी दिली, "आपली गिरणी हमेशा चालू राह्यते साहेब." (वीज गेली तर नाही. पट्टा तुटला तर नाही. मंगळवारी तर नाहीच.) मात्र पीठ उडून फळा दुपारपर्यंत पांढरा झाला असता आणि पांढऱ्यावर पांढरं अक्षर कितीही मोठं काढलं तरी शोधावं लागलं असतं. देवरावला यात अडचण दिसली नाही. "ज्याले वाचाचं हाय तो पुसून वाचीन."

दवाखान्याची भिंत सावलीत होती आणि वाचक तासन्तास बसून. पण डॉक्टरांनी आधीच बजावलं, "'प्रकृती चांगली ठेवा' असलं काही लिहायचं नाही. मलाही घर चालवायचं आहे."

सर्वांत प्रतिष्ठित भिंत मारुतीच्या देवळाची. तिथे ओळ आधी मंडळाकडे द्यायची, मंडळ महिन्याच्या बैठकीत ती तपासणार, सुधारणार, मग देणगीदारांच्या नावांखाली जागा उरली तर लिहिणार. लिहिणार मंडळाचा माणूस. बाईमाणसाने चौकात खडू घेऊन उभं राहणं बरं दिसत नाही. रोजची ओळ महिन्याने लागली तर काय बिघडतं, असं मंडळाने विचारलं. मनोहररावांना हा मुद्दा फार आवडला.

इकडे घरात फळा रिकामा नव्हता, हे सांगायला हवं. त्यावर आधी पापड वाळले, मग कुरड्या, आणि पुढे तो रांजणावर झाकण म्हणून बसला. गोपिका त्याला रोज ओल्या फडक्याने पुसायची आणि बिनसाखरेचा चहा प्यायची. मनोहररावांच्या हे लक्षात आलं नाही. ते भिंतींची ओल तपासत होते.

एक दिवस सार्वजनिक नळावर शेजारच्या पंचफुलाबाईने तिला गाठलंच. "काहून वं गोपिका, फळा लटकवायचा हाय का पोरगी उजवायची हाय? सारी बस्ती पालथी घालून राह्यला तुहा नवरा! या निंबाले टांग ना. आमी इथं घागरी घेऊन उभ्याच असतो. तेवढंच भांडण कमी होईन."

गोपिकाने संध्याकाळी भीत भीत नळाजवळच्या कडुनिंबाचं नाव काढलं.

"फुकट आहे?" मनोहररावांनी चष्मा काढला. "आणि मालक कोण?"

"मालक कुठला? झाड आहे."

"मग उद्या काही झालं तर तक्रार कोणाकडे करायची?"

ज्या जागेबद्दल तक्रार करता येत नाही, ती जागा शहाणा माणूस घेत नाही.

वर्षश्राद्धाच्या आदल्या संध्याकाळी अभ्यासाचा निष्कर्ष आला. सर्व भिंती आपापल्या परीने योग्य आहेत. घाईने एकीची निवड करणं इतरांवर अन्याय ठरेल. शिवाय दूर कन्हान गावाकडच्या भिंती अधिक टणक असल्याचं एका साडूंकडून कळलं आहे, तरी पुढच्या रविवारी तिकडे जाऊन यावं. निष्कर्ष वाचून मनोहरराव थकले आणि लवकर झोपले.

या सगळ्या काळात फळ्यावर लिहायचं काय, हे मनोहररावांनी विचारलं नाही. धोंडबाने, देवरावने, डॉक्टरांनी विचारलं नाही. मंडळाने तर न विचारताच सुधारायची तयारी दाखवली. आणि वाचकहो, राग मानू नका, तुम्हीही इथवर आलात ते भिंती बघत बघतच. कुठली बरी, कुठली वाईट, तुमचंही मनातल्या मनात ठरलं असेल. ओळ गोपिकाकडे पहिल्या दिवसापासून तयार होती. ती इथे सांगत नाही. इतकी वाट पाहिलीत, आता नळावर येऊन वाचा. घागर आणलीत तर पाणीही मिळेल.

सकाळी नळ येण्याआधी गोपिकाची अंघोळ, तुळशीला पाणी झालं. रांजणावर तिने परात झाकली. फळा पुसून काखेत घेतला, खडू पदराच्या गाठीत बांधला, सुतळीचा तुकडा मुठीत धरला. यजमानांची झोप मोडू नये म्हणून दाराची कडी आवाज न करता काढली, आणि ती निंबाकडे निघाली.