सोमशेखरची म्हातारी

"सोलापुरात चादरी विकणारे ढिगानं सापडतील, पण संगीन ओळखणारा मी एकटाच!" असं सोमशेखर छाती फुगवून सांगायचा. भवानी पेठेत त्याचं चादरींचं दुकान होतं. दुकान बायको धनलक्ष्मी चालवायची आणि सोमशेखर संग्रह चालवायचा.

माडीवरच्या काचेच्या कपाटात देशोदेशीच्या फौजांचे सुरे मांडलेले. गोरखा पलटणीची कुकरी, खंदकातल्या लढाईतला, मुठीला बोटं अडकवायचा लोखंडी पंजा असलेला सुरा, अलीकडच्या कमांडोंचा काळाकुट्ट सुरा. आणि सगळ्यात लाडकी, पहिल्या महायुद्धातली, बंदुकीच्या टोकाला लावायची हातभर लांब संगीन. तिला तो प्रेमानं 'म्हातारी' म्हणायचा. तिच्यावरचा काळसर-तांबूस थर म्हणजे त्याचा जीव की प्राण! "हा गंज न्हाय, इतिहास हाय," असं तो पाहुण्यांना सांगायचा आणि पाहुणे घाईघाईनं चहा संपवायचे.

त्या दिवशी मात्र खरा जाणकार येणार होता. करकंबचे निवृत्त सुभेदार महिपती! त्यांच्या वडलांनी ब्रह्मदेशातल्या लढाईवरून आणलेला दुधारी खंजीर त्यांच्यापाशी होता. "तुमचा संग्रह बगतो. हत्याराची कदर दिसली, तर खंजीर तुमचा," असं ते फोनवर म्हणाले होते. एवढ्या एका वाक्यावर सोमशेखरनं आठवडाभर झोप सोडली होती.

सकाळी दाढीबिढी करून तो माडीवर गेला, कपाट उघडलं आणि मटकन खालीच बसला. सगळं कपाट लखलखत होतं! लग्नात आंदण मिळालेल्या स्टीलच्या भांड्यांसारखं!

"आई! कपाटाला हात कुणी लावला?"

"मीच की!" त्याची आई बसव्वा पदराला हात पुसत वर आली. "पावणा येणार, आन् त्याला असलं गंजकं दाखवणार व्हय? चिंच लावली, तारेच्या घासणीनं घासलं. त्या लांबड्याला तर दोनदा!"

"अगं, तो इतिहास होता!"

"असू दे की. निघाला." आणि बसव्वा समाधानानं देवळात निघून गेली.

सुभेदार दुपारी येणार. तोवर इतिहास परत आणायचा कसा? सोमशेखरनं डोकं चालवलं. मीठ, लिंबू आणि ओली माती! त्यानं सगळे सुरे परसात नेले, कुकरीनंच खड्डा खणला आणि लाडकीपासून सुरुवात केली. मग कानाला फोन लावून, आपल्यासारख्याच एका नादिष्ट मित्राला, शंकरप्पाला, गाऱ्हाणं सांगायला लागला.

शेजारच्या गच्चीवर गुरम्मा पापड वाळत घालत होती. बसव्वाची ही जन्माची मैत्रीण. तिच्या कानावर खालून शब्द आले.

"म्हातारीला पुरलं रे परसात! ...व्हय, मीठ चोळूनच पुरलं. दुपारपर्यंत रंग बदलंल की! ...बाकीच्यांना पण पुरणार हाय. एकेकाला!"

गुरम्मानं कठड्यावरून वाकून बघितलं. सोमशेखरच्या हातात कुकरी, सदऱ्यावर सुरे उचलताना लागलेले चिंचेचे तांबडे डाग, पायाशी ताजा खड्डा! आणि बसव्वा? सकाळपासून दिसलीच नव्हती! गुरम्माच्या हातातला पापड गळून पडला. "अय्यो शिवा!" करत तिनं पोलिसांना फोन लावला.

फौजदार दोन शिपाई घेऊन आले. त्यांच्यामागं अख्खी गल्ली आली. आणि गल्लीच्या घोळक्यात, खांद्याला पिशवी अडकवलेले सुभेदार महिपती!

"कुणाला पुरलंय?" फौजदार गरजले.

"म्हातारीला," सोमशेखर बोलून गेला आणि जीभ चावली. "म्हंजे संगीन, साहेब! संगीन!"

"म्हातारीचं नाव संगीता काय?"

तेवढ्यात "काय झालं हो?" करत हातात प्रसाद घेऊन बसव्वाच गर्दीतून पुढं आली. गुरम्मानं आधी किंकाळी फोडली, मग तिला मिठी मारली. मग "सांगून जाता येत न्हाय व्हय?" म्हणून तिच्यावरच खेकसली.

सोमशेखरला वाटलं, सुटलो! पण तोवर शिपायांनी खड्डा उकरून म्हातारी बाहेर काढली होती आणि बाकीच्या सुऱ्यांसोबत ओळीनं मांडली होती. फौजदारांचा सूर बदलला.

"एवढी हत्यारं? परवाना कुठाय?"

परवाना लागतो की नाही, हे सोमशेखरनं कधी कुणाला विचारलंच नव्हतं! "हत्यारं कुठली, साहेब? भाजी चिरायची हायत."

"ही कुकरी?"

"भोपळ्याला."

"हा पंजावाला?"

"नारळाला."

"आणि ही हातभर लांब?"

"ती... कणसं भाजायला, साहेब. हात पोळत न्हाय."

गर्दी खो खो हसली. पण बसव्वा आईच ती! कमरेवर हात ठेवून पुढं झाली. "खरंच साहेब! सकाळी मीच घासलीत की सगळी. हत्यारं कुणी चिंचेनं घासतंय व्हय?"

फौजदारांना हे बिनतोड वाटलं. तरी ते म्हणाले, "मग चिरून दाखवा."

गुरम्मानं तत्परतेनं भोपळा आणला. सोमशेखरनं कुकरी धुतली आणि डोळे मिटून हाणली. भोपळा गरकन फिरला, पायरीवरून उडी मारून शिपायाच्या बुटावर आदळला. दुसऱ्या घावाला फाकला, तिसऱ्याला त्याचे तुकडे झाले. बसव्वा खूश होऊन म्हणाली, "बगा, किती पातळ धार!"

सोमशेखरनं चोरून सुभेदारांकडं बघितलं. त्यांच्या मिशा थरथरत होत्या. पिशवीतून अर्धा बाहेर काढलेला खंजीर त्यांनी परत आत सारला.

"सुभेदारसाहेब, मी नंतर समदं सांगतो..."

"काय सांगताय? माज्या बापाचा खंजीर मला दोडकी सोलायला द्यायचा न्हाय!" आणि ते तरातरा सात रस्ता चौकाकडं निघून गेले. त्यांच्यामागं धावायची सोमशेखरची फार इच्छा होती, पण फौजदार समोर उभे. खरं बोलावं तर परवाना, न बोलावं तर भोपळा!

बसव्वानं पोलिसांना चहा दिला. जाता जाता फौजदारांनी पंजावाला सुरा उचलून बोटांत घालून बघितला आणि आवाज खाली आणला. "भारी पकड आहे हो. आमच्या घरी नारळ फोडायचा म्हणजे रोज भांडणं. ही कुठं मिळते?"

"मिळायचं काय त्यात? हीच न्या की!" बसव्वा म्हणाली.

सोमशेखरनं तोंड उघडलं. फौजदारांकडं बघितलं. तोंड मिटलं. मग जुना पेपर आणून त्यानं स्वतःच्या हातानं सुरा नीट गुंडाळला आणि बारीक आवाजात म्हणाला, "साहेब, नारळ तेवढा सोलून घेत जा. धार लई जपलीय मी."