जवायाच्या गाडीचा उजेड

धम्मानंद गजघाटेच्या गाडीला बारा वर्षं झाली होती, पण तिच्या हेडलाइटचा उजेड पाहिला की वय त्याच्या दुप्पट वाटायचं. शहराबाहेरच्या मिहानमधली ऑफिसची ड्यूटी संपवून हिवाळ्यात तो घरी निघायचा तेव्हा साडेसहालाच अंधार पडलेला असायचा. मग जरीपटक्यातल्या घरापर्यंतचा सगळा रस्ता तो पुढच्या गाडीच्या मागच्या लाल दिव्यावर भरवसा ठेवून कापायचा. त्यामुळे ऑफिसातल्या हर्षितनं स्वतःच्या गाडीचे नवे पांढरे एलईडी दिवे लावून दाखवले, तेव्हा धम्मानंदला आठवडाभर दुसरं काही सुचेना. जेवतानाही तो मोबाइलवर दिव्यांचे व्हिडिओ पाहू लागला.

"लाइटच्या आधी टायर बदला," त्याची बायको दीक्षा म्हणाली. "समोरच्या डाव्या टायरचा टवका उडाला हाये. मले दारातून दिसून राहिला."

"टायरचं काय वं, गोल हाये तोवर चालते. तू लाइट तर पाहाय! मामाजी सोताहून समोरच्या सीटवर बसतीन."

खरी गोम इथे होती. मामाजी म्हणजे दीक्षाचे वडील, देवाजी सुखदेवे. चौतीस वर्षं वाहतूक पोलिसात हवालदारकी करून ते निवृत्त झाले होते आणि याच गल्लीत चार घरं सोडून राहत होते. जावयाच्या गाडीत ते सहा वर्षांत कधी पुढे बसले नव्हते. पुढे बसणं म्हणजे चालवणाऱ्याला पसंती देणं, असा त्यांचा कायदा होता. ते मागे बसत, खिडकीवरची कडी दोन्ही हातांनी धरत आणि प्रत्येक वळणावर फक्त "हं" म्हणत. त्या एका "हं"नं धम्मानंदच्या हाताला घाम सुटे. नोकरी, घर, संसार, सगळं ठीक चाललं होतं, पण पुढच्या रिकाम्या सीटचं त्याच्या मनाला लागून राहिलं होतं.

शेवटी एका बुधवारी त्यानं दीक्षालाही न सांगता अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली आणि गाड्यांचे दिवे बसवणाऱ्या धर्मेंद्रच्या दुकानात गाडी लावली.

"भाऊ, असा लाइट देतो का समोरचा बाजूले पयेल," धर्मेंद्रनं जुन्या दिव्यांची वायर कापता कापता सांगितलं.

"कायद्यात बसते ना पण? कंपनीनं देल्ला त्याच्याहून तेज दिवा चालत नाही म्हणते."

"अरे भाऊ, सबच लावून राहिले!"

सगळेच लावतात म्हटल्यावर धम्मानंदचं समाधान झालं. जुन्या काचेत नवा दिवा बसवला की उजेड रस्त्यावर न पडता समोरच्याच्या तोंडावर फाकतो, हे त्या व्हिडिओतल्या माणसानं तीनदा सांगितलं होतं. पण तो भाग धम्मानंदनं पुढे ढकलून पाहिला होता.

अंधार पडल्यावर त्यानं बटण दाबलं आणि अक्षरशः दिवस उजाडला! झाडाची पानं मोजावीत, दुकानांच्या पाट्यांवरच्या चुका काढाव्यात असा उजेड. आनंदानं त्याला शिट्टी वाजवावीशी वाटली. रस्त्यातले लोक हात आडवे धरून बाजूला होत होते. आयुष्यात प्रथमच आपल्याला कोणीतरी रस्ता देतंय, असं त्याला वाटलं. गल्लीच्या तोंडाशी पाण्याच्या पाइपसाठी खोदलेला चर होता. त्याच दुपारी तो ओल्या सिमेंटनं बुजवला होता आणि गाड्यांनी दूर राहावं म्हणून वर बाभळीची एक फांदी टाकली होती. तिथे माकडटोपी घातलेला एक माणूस त्याच्या उजेडात सापडला, दोन्ही हात डोळ्यांवर घेऊन गरकन वळला आणि टुणकन उडी मारून दिसेनासा झाला.

"वा! म्हातारे माणसंही साइड देऊन राहिले," असं म्हणत धम्मानंदनं ऐटीत वळण घेतलं. फांदीची टोकं चाकाखाली कडकड मोडली, तेही त्याला फटाक्यांसारखंच वाटलं.

दहा मिनिटांनी दारात देवाजी उभे राहिले. अंगावर राखाडी सिमेंट, डोक्यावर माकडटोपी आणि पायात एकच चप्पल.

"बाबा!" दीक्षा ओरडली. "काय झालं?"

"कोन्या हरामखोरानं डोळ्यात सूर्य घातला गा! मले काहीच दिसलं नाही. बाजूले झालो तं सिमेटात. दोन्ही हात, दोन्ही गुडघे रुतले. चप्पल तं निंगालीच नाही!"

धम्मानंदच्या हातातला पाण्याचा ग्लास हातातच राहिला. देवाजींनी तो घेतला, घटाघट प्यायले आणि भिंतीकडे पाहत जाहीर केलं, "त्याले मी सोडत नसतो. चौतीस वर्षं डिपर मारायले शिकवलं या शहराले. माह्याच गल्लीत हे!"

सकाळपर्यंत सिमेंट पक्कं झालं. गल्लीच्या तोंडाशी दोन पंजे, दोन गुडघे आणि त्यांच्यामागे अर्धी रुतलेली उजवी चप्पल कायमची बसली. शाळेत जाणारी मुलं थांबून त्या पंजांत हात ठेवून पाहू लागली. देवाजींना चीड आली ती त्याचीच.

धम्मानंद सकाळीच जुने दिवे परत बसवायला धावला. दुकानाला कुलूप! धर्मेंद्र मेहुण्याच्या लग्नाला भंडाऱ्याला गेला होता, चार दिवसांसाठी. जुने दिवे त्याच्या कपाटात होते. शेजारच्या दुकानदारानं कापलेल्या वायरी पाहिल्या आणि हात वर केले. "ज्यानं कापलं त्यालेच जोडू द्या, भाऊ. आपण दुसऱ्याच्या कामात हात नाही घालत."

आणि त्याच संध्याकाळी देवाजी गल्लीच्या तोंडाशी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले. तोंडात नोकरीच्या काळातली शिट्टी होती आणि हातात काठी. हे धम्मानंदला कोपऱ्यावरूनच दिसलं. त्यानं पटकन दिवे बंद केले आणि गाडी चोरासारखी गल्लीत घातली.

फुर्रर्र!

"अंधारात गाडी? लाइट कुठं हाये?" देवाजींनी बॉनेटवर काठी ठेवली. मग वाकून पाहिलं. "जवाई? तुम्ही?"

"मामाजी, ते... बल्ब उडाला."

"उडाला तं गाडी ढकलत आणायची! अंधी गाडी अन् डोळे दिपवनारी गाडी, दोन्ही सारख्याच गुन्हेगार. उद्या लाइट पायजे मले."

उद्या लाइट पाहिजे, पण असा की ओळखू येणार नाही! धम्मानंदला रात्रभर झोप लागली नाही. पहाटे त्याला मामाजींचंच एक भाषण आठवलं. त्यांच्या काळी म्हणे हेडलाइटच्या काचेचा वरचा भाग काळा रंगवायचे, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यावर तिरीप येत नसे. त्यानं वायरमनची काळी टेप आणली आणि दोन्ही काचांचा वरचा अर्धा भाग चापूनचोपून झाकला. गाडी झोपेत असल्यासारखी दिसू लागली.

संध्याकाळी देवाजींनी शिट्टी न वाजवता हात दाखवला. ते गाडीसमोर वाकले. काचेवरून बोट फिरवलं. सरळ झाले तेव्हा त्यांचे डोळे भिजल्यासारखे दिसत होते.

"वरचा अर्धा काळा," ते म्हणाले. "वीस वर्षांत पायला नाही असा ड्रायव्हर. जवाई, मी तुमाले वळखलंच नाही गा आजवर."

"तसं काही नाही, मामाजी..."

"चला. आता आपन दोघं मिळून त्याले धुंडू."

धम्मानंदनं सवयीनं मागचं दार उघडलं. देवाजींनी ते लावलं, वळसा घालून पुढचं दार उघडलं आणि पुढच्या सीटवर बसले! धम्मानंदला इतका आनंद झाला की तीनदा किल्ली फिरवूनही गाडी आधीच चालू आहे हे त्याच्या लक्षात आलं नाही. सहा वर्षं ज्याची वाट पाहिली ते घडलं होतं, आणि तेही त्या हरामखोराला शोधण्यासाठी.

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. "हा पाहा! हाच!" देवाजी किंचाळले आणि खिडकीतून शिट्टी फुंकली. एक स्कूटीवाली मुलगी घाबरून उतरली. तिचा दिवा जेमतेम पेटत होता. थोडं पुढे गेल्यावर, "थांबवा! हा तं हमखास हाये!" तो पाणीपुरीच्या ठेल्यावरचा बल्ब निघाला. ठेलेवाल्यानं दोघांच्या हातात वाटी दिली. इंदोरा चौकाजवळ देवाजी जवळजवळ उभेच राहिले. "आता सुटत नाही! केवढा हिरवा उजेड लावला, भोवती इंद्रधनुष्यासारखं कडं!"

"मामाजी," धम्मानंद हळूच म्हणाला, "ते औषधाचं दुकान हाये."

देवाजींनी डोळे चोळले, पुन्हा पाहिलं.

"तुमाले कडं नाही दिसत?"

"नाही."

"कोनत्याच दिव्याले?"

"नाही, मामाजी. दीक्षा सांगते तेच असन. मोतीबिंदू. वर्षभरापासून सांगून राहिली ते."

देवाजींनी हातातली वाटी मांडीवर ठेवली. चौतीस वर्षं ज्या नजरेवर चौक सांभाळला तिच्यावरच संशय घ्यायची वेळ आली होती. मग अगदी बारीक आवाजात ते म्हणाले, "म्हनजे त्या दिवशीही माह्याच डोळ्याचा दोष. उगाच एका भल्या मानसाले शिव्या देल्ल्या."

धम्मानंदनं तोंड उघडलं. आता सांगून टाकायचं, असं त्यानं खरंच ठरवलं. त्यानं बाजूला पाहिलं. मामाजी पुढच्या सीटवर बसले होते, वाटी मांडीवर, खांदे पडलेले. त्यानं तोंड मिटलं.

"होते असं कधी कधी," तो म्हणाला, आणि त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

पुढच्याच आठवड्यात देवाजींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. "मी सांगून थकली, पण बाबांनी तुमचं ऐकलं," असं म्हणून दीक्षानं नवऱ्यासाठी कोथिंबिरीची सांबारवडी केली. सासूबाई अंजनाबाई येईल त्याला जावयाचं कौतुक ऐकवू लागल्या. प्रत्येक कौतुकागणिक धम्मानंदची मान खाली जात होती. धर्मेंद्र लग्नाहून परतला त्याच दिवशी त्यानं नवे दिवे उपटून जुने बसवले होते. पुन्हा तोच मिणमिणता उजेड, पण तो आता त्याला घरच्यासारखा वाटत होता.

पट्टी निघून काळा चष्माही गेला, त्या रविवारी सकाळी देवाजी सर्वांत आधी आपली चप्पल पाहायला गेले. धम्मानंद दारात चहा पीत उभा होता. त्याला ते लांबून दिसत होते. देवाजींनी पंजे पाहिले, गुडघे पाहिले, चप्पल पाहिली. मग ते दोन हात पुढे सरकले आणि उकिडवे बसले. चराच्या टोकाशी, मोडलेल्या फांदीजवळ, सिमेंटमध्ये टायरची नक्षी उमटली होती. नक्षीत मध्येच एका टवक्याएवढी जागा कोरी होती. आजवर ती त्यांना दिसलीच नव्हती.

ते उठले. सरळ धम्मानंदच्या गाडीपाशी आले आणि पुढच्या डाव्या चाकासमोर बसले. टवक्यावर बोट ठेवलं. मग हेडलाइटच्या काचेवर नख घासून पाहिलं.

"टेपचा गोंद राहिला वाटते," ते म्हणाले.

कप ठेवायला जागा सापडेना म्हणून धम्मानंद तो हातात घेऊनच उभा राहिला. "मामाजी, तो मीच होतो. नवे लाइट लावले होते. आता काढले."

"काहून नाही सांगितलं?"

"सांगणारच होतो. पण तुम्ही समोर बसले होते. सहा वर्षांत पहिल्या बार."

देवाजींनी त्याच्याकडे पाहिलं. नव्या डोळ्यानं ते जरा जास्तच नीट पाहत होते. दीक्षा दाराआड श्वास रोखून उभी होती. देवाजींनी खिशातून औषधाची चिठ्ठी काढली, पाठकोरी बाजू वर केली आणि सवयीनं पेन झटकलं.

"चालान फाडतो," ते म्हणाले. "उजेडाचं एक, टायरचं दुसरं, लपवल्याचं तिसरं. दंड एकच. उद्यापासून मिहानले जाताना अन् येताना मी तुमच्या बाजूले बसन. समोर. तुमच्यावर आता एक पैशाचा भरवसा नाही."

"रोज? अन् दिवसभर तुम्ही तिथं काय कराल?"

"सकाळी मेट्रोनं वापस येतो. सायंकाळी मेट्रोनं घ्यायले येतो."

सोमवारी सकाळी टायर बदललेली गाडी दारात उभी होती. देवाजी पुढच्या सीटवर आधीच येऊन बसले होते. पट्टा लावलेला, मांडीवर डबा, डोळ्यांत लख्ख नजर. धम्मानंद शेजारी बसला, हसला आणि किल्लीला हात लावला.

फुर्रर्र!

"आरसा," देवाजी शिट्टी काढून म्हणाले. "पयले आरसा पाहा."