साळोजी आणि बुवांची सम

बाळांनो, हातातले मोबाइल जरा खाली ठेवा आणि ऐका. ठेववत नसतील तर हातात धरून ऐका.

एका जंगलात साळोजी नावाचं एक साळिंदर राहत होतं. दिवसभर कंदमुळं उकरायचं आणि मैफल असली की गळ्यात कॅमेरा अडकवून पहिल्या रांगेत हजर व्हायचं. सगळा हौसेचा मामला. त्याच्या शेजारी कुणी बसत नसे; कारण उघड आहे.

त्या जंगलातले मोठे गवई म्हणजे भारद्वाजबुवा. समेवर आले की बुवा डोळे मिटून एक पंख वर उचलायचे. सम म्हणजे काय? ठेका फिरून फिरून जिथे परत येऊन पडतो ती जागा. गाणारा आणि ऐकणारे तिथे एकदमच पोचतात आणि सगळी मैफल 'वाहवा' म्हणते.

साळोजीला तो वर गेलेला पंख हवा होता. पण त्याचं बटण दाबून होईपर्यंत पंख खाली आलेला असे. घरात बुवांचे ढीगभर फोटो होते. सगळ्यांत बुवा पाणी तरी पीत होते, नाहीतर खोकत होते.

अशात बुवांनी जाहीर केलं, "येत्या रविवारी शेवटचं गाणार. गळा आता साथ देत नाही."

म्हणजे साळोजीला आता एकच संधी उरली. तो तडक बुवांच्या तबलजीकडे, सुतारपक्ष्याकडे गेला.

"सुतारदादा, पंख कधी वर जाणार ते आधी कसं कळतं हो?"

"अरे, ऐकलंस की कळेल."

"ऐकलंस म्हणजे?"

"म्हणजे कानांनी!"

साळोजीला हे नवीनच होतं. तो रोज सुतारपक्ष्याच्या रियाजाला जाऊन बसू लागला. हळूहळू सम यायच्या आधीच त्याच्या अंगावर काटा उभा राहू लागला. साळिंदराच्या बाबतीत ही किती गंभीर गोष्ट आहे, ते आजूबाजूच्यांना विचारा.

रविवारी बुवा असे काही गायले की पानसुद्धा हललं नाही. सम जवळ येऊ लागली. साळोजीला ती लांबूनच कळली. बुवांचा पंख वर गेला, आणि त्याच क्षणी साळोजीचे दोन्ही पंजे हवेत गेले.

"वाहवा, बुवा! क्या बात है!"

कॅमेरा गळ्यात लोंबकळत राहिला. साळोजीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. इतकी वर्षं पुढे बसून त्याने गाणं आज पहिल्यांदाच ऐकलं होतं, आणि त्याला फार फार आनंद झाला होता.

मैफल संपल्यावर बुवांनी त्याला जवळ बोलावलं.

"काय रे, समेचा फोटो दाखव बघू."

"बुवा, काय सम होती! अजून कानात आहे."

"तुझ्या कानातली मी भिंतीवर लावू? फोटो कुठाय?"

"राहिला काढायचा. ऐकत बसलो होतो."

बुवांचा चेहरा पडला. "तुला पुढे बसवला तो ऐकायला? ऐकायला मागे एवढं जंगल होतं!"

त्या जंगलात एक माकड होतं. ते मैफलभर बुवांकडे पाठ करून स्वतःचेच फोटो काढत होतं. त्यातल्या एकात, त्याच्या कानामागे, बुवांचा पंख आला होता. चक्क वर गेलेला. बुवांनी तोच फोटो मोठा करून घरात लावला आणि माकडाचा शाल-श्रीफळ देऊन 'जाणकार रसिक' म्हणून सत्कार केला.

सत्काराला साळोजीही आला होता. शेवटच्या रांगेत बसून तो टाळ्या वाजवत होता, अगदी तालात.

तात्पर्य: मैफलीला कॅमेरा नेणाऱ्याने कान घरी ठेवून जावेत. दोन्ही बरोबर नेले, तर गाणं जन्मभर आठवतं आणि गवई जन्मभर बोलत नाही.