चावी मागे राहिली

बायकोचा जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायचा, एवढंच मी ठरवलं होतं. ती जाऊन चार महिने झाले होते आणि तो रिकाम्या खुर्चीसमोर नुसता बसून असायचा. बघवेना.

ती दृष्टिहीनांच्या वाचनालयासाठी घरी बसून पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. तिची कच्ची रेकॉर्डिंगं वाचनालयाच्या वेबसाइटवर होती. ब्राउझरमध्ये तिचं डिजिटल प्रमाणपत्र असलं तरच ती उघडत. त्यांत मधूनमधून बायको माझ्यावर ओरडलेली असायची. वाचनालय तेवढं कापून पुस्तक श्रोत्यांना द्यायचं. मला नेमकं कापलेलंच हवं होतं.

म्हणून प्रमाणपत्र माझ्या लॅपटॉपवर न्यायला बसलो. कॉम्प्युटरनं विचारलं, ‘खाजगी चावीही सोबत द्यायची का?’ मी जन्मभर रेकॉर्ड रूममधला कारकून. मूळ कागद कपाटात, बाहेर फक्त नक्कल! ऐटीत ‘नाही’ दाबलं, जुनी डिस्क पुसली आणि कॉम्प्युटर भंगारवाल्याला दिला. (मूळ कागद आत ठेवून कपाटच देऊन टाकणारा मी पहिलाच कारकून असेन.)

प्रमाणपत्र लॅपटॉपवर आलं, पण वेबसाइट उघडेना. सात वेळा आयात केलं. शेवटी वाचनालयातल्या बाईंना फोन लावला.

“काका, ते ‘तुमची प्रमाणपत्रं’मध्ये दिसतंय की ‘इतरांची’मध्ये?”

“इतरांची.”

“म्हणजे नुसतं प्रमाणपत्र आलं, ते चालवणारी खाजगी चावी आलीच नाही. जुन्या मशीनवर असेल.”

“मशीन भंगारात गेलं.”

“पुस्तक तयार झालं की कच्ची रेकॉर्डिंगं कुलूपबंद होतात, मग त्या चावीशिवाय आम्हालाही उघडत नाहीत हो. नवीन प्रमाणपत्राला काकूंनी स्वतः येऊन सही...”

“बरं, सांगतो तिला,” मी सवयीनं म्हणालो. आणि मग मला रडू आवरेना.

आठवड्यानं बाईंचाच फोन आला. “काका, एका पुस्तकात कापायचं राहून गेलंय. श्रोत्याची तक्रार आली. ऐकवू?”

फोनमधून तिचा आवाज आला. पुस्तकातलं अर्धं वाक्य, मग खुर्ची सरकल्याचा आवाज.

“अहो! माझ्या कॉम्प्युटरला हात लावू नका म्हणून किती वेळा सांगायचं? एक दिवस सगळं पुसून ठेवाल!”

“कापू ना आता हे?” बाईंनी हळूच विचारलं.

“थांबा,” मी डोळे पुसत म्हणालो, “आधी पुन्हा एकदा लावा. तेव्हा माझं लक्ष नव्हतं.”