कूलरमधला भोकाचा पैसा

"एसी आहे नं आमच्याकडे!" मधुसूदनराव फोनवर ठणकावून म्हणाले. समोर बसून गवार निवडणाऱ्या प्रेमलताबाईंनी मान वर करून छताकडे पाहिलं, चारी भिंतींकडे पाहिलं आणि मग नवऱ्याकडे पाहिलं. एसी कुठेच नव्हता. नवरा होता.

फोनवर अमरावतीच्या विहीणबाई होत्या, गोपिकाबाई. त्यांची सून म्हणजे मधुसूदनरावांची एकुलती एक लेक नूपुर. सातवा महिना लागला होता आणि रविवारी ती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, नागपुरात बेसा भागातल्या फ्लॅटवर यायची होती. "तिले एसीची सवय झाली, भाऊ," गोपिकाबाई मधाळ आवाजात म्हणत होत्या. "तुमच्या तिथं मे महिन्यात जीव भाजते. नसला एसी तर मोकळ्या मनानं सांगा. बाळंतपण आम्ही इथंच करू. आम्हाले काही जड नाही." लेक हिसकावून घेताना उपकार केल्यासारखा आवाज लावायची कला काही बायकांना उपजत असते. असल्या आवाजाला खरं उत्तर देणारा बाप अजून जन्माला यायचाय.

"खोटं काहून बोलले तुम्ही?" फोन ठेवल्यावर प्रेमलताबाईंनी विचारलं.

"खोटं नाही. रविवारपर्यंत येईल एसी."

"आज मंगळवार आहे."

"मले कॅलेंडर नको सांगू."

"अन् आणणार कुठून?"

मधुसूदनरावांनी बोट माळ्याकडे केलं. माळ्यावर त्यांच्या वडिलांचा, म्हणजे कैलासवासी आबांचा तुपाचा डबा होता. आबा रेल्वेत पार्सल क्लार्क होते आणि हाताखालून जाणारं कोणतंही जुनं नाणं त्यांनी कधी पुढे जाऊ दिलं नाही. डब्यात पावणेतीन किलो नाणी होती. आणि मधुसूदनरावांच्या मोबाइलमध्ये एक माणूस होता, जो रोज सकाळी डोळे फाडून ओरडायचा की तुमच्या घरातलं एक जुनं नाणं तुम्हाला अकरा लाख मिळवून देऊ शकतं. हा माणूस स्वतःच्या घरातली नाणी विकून गप्प का बसत नाही, रोज उठून दुसऱ्यांच्या घरात का डोकावतो, हा प्रश्न एकसष्ट वर्षांच्या, हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला पडायला हवा होता. पडला नाही. उकाड्यात असे प्रश्न पडत नाहीत.

बुधवारी सकाळी ते डबा स्कूटरच्या पायदानावर ठेवून जुन्या नागपुरातल्या महाल भागात आनंदरावांकडे गेले. आनंदराव आपल्या घराच्या पुढच्या खोलीत गादी टाकून बसत आणि जुन्या नाण्यांचा व्यवहार करत. पुढ्यात भिंग, लोहचुंबक, एक छोटा काटा आणि एक जाडजूड पुस्तक.

त्यांनी डबा चादरीवर उपडा केला. नाणी अशी झळकली की आनंदरावांनी डोळ्यांवर हात घेतला.

"हे कोणी घासले?"

"घरच्यांनी," मधुसूदनराव अभिमानाने म्हणाले. "चिंच अन् मीठ लावून. काल रात्रीपर्यंत बसली होती. म्हटलं विकायले न्यायचे तर देवाच्या भांड्यांसारखे दिसले पाहिजे."

"वहिनींचा हात चांगलाच चालते," आनंदराव हळहळत म्हणाले. "जुन्या नाण्यावरचा काळा रंग म्हणजे त्याची कातडी असते, भाऊ. शौकीन माणूस त्या कातडीचे पैसे देते. तुम्ही दीडशे वर्षांच्या म्हाताऱ्याले सोलून आणलं."

मधुसूदनरावांचा पारा चढायला लागला. त्यांचा पारा तसाही नागपूरच्या पाऱ्याच्या दोन अंश वरच असायचा.

आनंदरावांनी दोन ढीग सुरू केले. "हे पाहा, नाण्याची किंमत दोन ठिकाणी असते. एक पुस्तकात, एक काट्यावर. पुस्तकातली जास्त निघाली तर ते नाणं. काट्यावरची जास्त निघाली तर तो धातू. बस." त्यांनी एका रुपयाला चुंबक दाखवला. रुपया टुणकन चिकटला.

"चांदीचा आहे तो!" मधुसूदनराव ओरडले.

"चांदी चुंबकाले चिकटत नाही. निकेल आहे हा. काट्यावर." दुसरा चिकटला, काट्यावर. तिसरा चिकटला नाही, पण आनंदराव म्हणाले, "हा युद्धाच्या काळातला. अर्धीच चांदी यात. अन् चेहरा वहिनींनी धुऊन टाकला. काट्यावर." तांब्याचे पैसे, पितळेचे आणे, ॲल्युमिनियमचे हलके दोन पैसे, सगळे काट्याच्या ढिगात. तासाभरानंतर पुस्तकाच्या ढिगात एकही नाणं नव्हतं. होतं ते आनंदरावांचं भिंग, ठेवायला दुसरी जागा उरली नव्हती म्हणून.

शेवटी मधोमध मोठं भोक असलेले सहा पैसे निघाले. आनंदरावांनी एकेक भिंगाखाली धरला. "हे नेहमीचे. यातलं एक साल मात्र लवकर भेटत नाही. ते असतं तर..."

मधुसूदनरावांच्या अंगावर काटा आला. "होतं!" ते म्हणाले. "आबांनी मले दाखवलं होतं. म्हणे, हे साल लवकर भेटत नाही. सातवा पैसा होता."

"मग कुठं आहे?"

"कूलरमध्ये."

आनंदरावांनी भिंग खाली ठेवलं.

झालं होतं असं. छत्तीस वर्षांपूर्वी, लोखंडी पत्र्याचा भलाथोरला कूलर घरात आला, त्या पहिल्याच उन्हाळ्यात मोटरच्या बोल्टचा वॉशर तुटला. बाजारात माप मिळेना. आबांनी डबा उघडला, हाताला पहिला लागला तो भोकाचा पैसा काढला, तो नेमका हाच, आणि बोल्टमध्ये सरकवला. इतका चपखल बसला की आबा खूश होऊन म्हणाले, "सरकारनं हा कूलरसाठीच काढला असेल." दुर्मीळ आहे म्हणून ठेवून दे, असं म्हणणारं घरात कोणी नव्हतं. मे महिन्यात घरच्या कूलरपेक्षा दुर्मीळ काय असतं?

"साल स्पष्ट असलं, टांकसाळीची खूण स्पष्ट असली," आनंदराव म्हणाले, "तर तुमच्या एसीचं काम होऊन जाईल." या वाक्यातला पहिला अर्धा भाग मधुसूदनरावांना ऐकूच आला नाही.

घरी येऊन त्यांनी कूलरवाल्या बळीरामला फोन लावला. मे महिन्यात नागपुरात हृदयाचा डॉक्टर चटकन मिळतो, कूलरवाला मिळत नाही. सतराव्या वेळी बळीरामने उचलला.

"कूलर बंद पडला काय काका?"

"नाही, चालू आहे. फक्त मोटर खोलायची आहे."

"मग खोलून काहून राहिले? चालू कूलरले हात लावू नका. माझ्याकडे बावन्न बंद कूलर आहेत. रविवारी पाहू." फोन बंद.

मग गुरुवारी मधुसूदनरावांनी स्वतःच हत्यार उचललं. बोल्टवर छत्तीस उन्हाळ्यांच्या खाऱ्या पाण्याचा पांढरा दगड चढला होता. पाना फिरेना. रॉकेल ओतलं, फिरेना. शेवटी हातोडी आली.

"कूलर फोडता काय आता?" प्रेमलताबाई पदराने वारा घेत म्हणाल्या. कूलर बंद असल्यामुळे घराची भट्टी झाली होती.

"एसी येणार आहे! कूलर हवा कोणाले?"

"एसी येईपर्यंत मले हवा!"

तिसऱ्या घावाला बोल्ट सुटला. त्याबरोबर पंख्याचं एक पातं वाकलं, एक गवताची जाळी फाटली आणि मधुसूदनरावांचा अंगठा सुजला. पण पैसा हातात आला. त्यांनी तो पुसला. उजेडात धरला. पालथा केला. परत पालथा केला.

छत्तीस वर्षं मोटर थरथरली होती आणि पैसा तिच्याखाली घासला गेला होता. साल गेलं होतं. मुकुट गेला होता. अक्षरं गेली होती. टकलावर केस शोधावेत तसं त्यांनी शोधून पाहिलं. राहिलं होतं फक्त भोक.

शुक्रवारी आनंदरावांनी ती चकती भिंगाखाली धरायचेही कष्ट घेतले नाहीत. "याले आता नाणं नाही म्हणत, भाऊ."

आणि तिथे मधुसूदनराव फुटले. एकसष्ट वर्षांत त्यांनी एकही राग गिळला नव्हता, हाही गिळला नाही. आबांनी तो पैसा बोल्टमध्ये कसा घातला, सरकारनं कूलरसाठीच काढला असं कसं म्हणाले, हातोडी कशी मारली, अंगठा कसा सुजला, विहीण कशी बोलते, मोबाइलमधला माणूस कसा हरामखोर आहे, सगळं त्यांनी पाऊण तास उभ्याने सांगितलं. आनंदराव मात्र मन लावून ऐकत होते. मधून मधून "मग?" म्हणत होते. एकदा तर म्हणाले, "अंगठा कोणता? डावा काय?"

"करा वजन सगळ्याचं!" मधुसूदनराव शेवटी धापा टाकत म्हणाले. "एक नाणं घरी ठेवायचं नाही मले. ही चकतीसुद्धा टाका काट्यावर!"

चकती काट्यावर पडली. तिचा सव्वा रुपया आला. एकूण झाले नऊ हजार तीनशे चाळीस. एवढ्या पैशात एसी येत नाही, एसीचा खोका येतो.

शनिवारी दुपारी त्यांनी पातं दगडावर ठोकून सरळ केलं, वॉशरच्या जागी जुन्या चपलेच्या रबराचा तुकडा घातला आणि कूलर लावला. कूलरने आधी रोडरोलरसारखा आवाज काढला, मग तो चालू लागला. म्हणजे खरोखरच चालू लागला, खिडकीपासून सोफ्यापर्यंत. प्रेमलताबाईंनी धावत जाऊन बटण बंद केलं.

रविवारी अकरा वाजता नूपुर आली. लालबुंद चेहरा, पोटावर हात. आत येऊन तिने भिंतींकडे पाहिलं. "बाबा, एसी?"

"येऊन राहिला," मधुसूदनराव म्हणाले.

"असं सासूबाईंना सांगू का? त्या दुपारी व्हिडिओ कॉल करणार आहेत. म्हणाल्या, एसी दाखव, नाही तर संध्याकाळी गाडी पाठवते." आणि मग हळूच, "मला नाही जायचं हो परत. मला इथंच राहायचंय. निदान कूलर चालू असला, तर मी समजावीन त्यांना."

हे ऐकून मधुसूदनरावांना विहिणीवर, आबांवर, सूर्यावर, सगळ्यांवर एकदमच राग आला. तेवढ्यात बळीराम उगवला. त्याने कूलरकडे पाहिलं आणि मेलेल्या जनावराकडे पाहावं तशी मान हलवली. पाऊण तासात पातं, जाळी, पंप सगळं नीट लावलं. मग बोल्ट हातात धरून म्हणाला, "यातला तांब्याचा वॉशर कुठं गेला?"

"दुसरा टाक नं गा!"

"दुसरा म्हणजे? लोखंडाचा पंधरा दिवसांत सडते, रबराचा तुम्ही पाहिलाच. असं माप आता येतच नाही. तो होता म्हणून हा कूलर छत्तीस वर्षं चालला, काका. अन् आज आयतवार, दुकानं बंद. मी पलीकडच्या गल्लीत एक पंप बसवतो. घंट्याभरात वॉशर आणा, लावून देतो. नाही तर मग पुढच्या आयतवारी."

बेसा ते महाल, भर दुपारी, पंचेचाळीस डिग्रीत, मधुसूदनरावांनी स्कूटर कशी नेली ते त्यांनाच माहीत.

"भोकाचा पैसा द्या!" दारातूनच ते ओरडले. "सहापैकी कोणताही!"

"ते सहा तर गेले, भाऊ. काल एक बाई घेऊन गेली, दाराले तोरण कराले."

"अन् तो सातवा? चकती?"

"ती आहे नं." आनंदरावांनी खणातून एक लहानशी प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत चकती होती, आणि चकतीखाली सुबक अक्षरात लिहिलेलं कार्ड. मधुसूदनरावांनी वाचलं: 'भोकाचा पैसा. साल पुसलेलं. छत्तीस वर्षं नागपुरी कूलरमध्ये वॉशर. "सरकारनं हा कूलरसाठीच काढला असेल" असं मूळ मालक म्हणत. एसी घेण्यासाठी मुलाने हातोडीने काढला. मुलगा तापट. डावा अंगठा सुजला.'

खाली लिहिलं होतं: अकराशे रुपये.

"अकराशे?" मधुसूदनरावांचा आवाज चिरकला. "परवा सव्वा रुपया दिला तुम्ही मले याचा!"

"परवा तो धातू होता."

"अन् आज काय झाला?"

"आज त्याले गोष्ट आहे. लोकांनी वापरलेले नाणे जमवणारे शौकीन असतात, भाऊ. एकानं हजार सांगून ठेवले आहेत. तुम्ही ओळखीचे, म्हणून तुम्हाले अकराशे."

"ओळखीच्याले शंभर जास्त?"

"त्याले महिनाभर दम आहे. तुम्हाले आजच पाहिजे. तुमच्या कपाळावरच लिहिलं आहे."

"अरे पण गोष्ट माझी आहे! बाप माझा, कूलर माझा, अंगठा माझा!"

"होती तुमची. तुम्ही परवा इथं सोडून गेले." आनंदराव अगदी शांत होते. "नाण्याचा सव्वा रुपयाच आहे. बाकी सगळे गोष्टीचे."

मधुसूदनरावांनी घड्याळ पाहिलं. बळीराम जायला पंचवीस मिनिटं होती. त्यांचे कान तापले, मानेची शीर उडायला लागली. "माझ्या बापानं," ते गरजले, "माझ्या बापानं हा पैसा ज्या दिवशी..."

आनंदरावांनी घाईघाईने पेनचं टोपण काढलं आणि कार्ड पुढे ओढलं. "हं. बोला. ज्या दिवशी काय?"

मधुसूदनरावांनी तोंड उघडंच ठेवलं. पेनाच्या टोकाकडे पाहिलं. अकराशेच्या आकड्याकडे पाहिलं. आणि एकसष्ट वर्षांत पहिल्यांदा त्यांनी उघडलेलं तोंड, आतला शब्द बाहेर न सोडता, मिटलं. मुकाट्याने अकराशे मोजले, पिशवी खिशात टाकली आणि बाहेर पडले.

बडकस चौकात गाडी थांबली तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिलं. कोणी नव्हतं. मग त्यांनी एक शिवी दिली. ती इतकी लांब, इतकी जोरकस आणि इतक्या लोकांना एकदम लागू पडणारी होती, की शेजारच्या ऑटोवाल्याने डोकं बाहेर काढून विचारलं, "अरे बाप्पा! झालं काय काका?"

मधुसूदनरावांनी खिशावर हात घट्ट दाबला आणि स्कूटरला वेग दिला.

"फुकट नाही सांगत," ते म्हणाले.