शेवटच्या बावीस फेऱ्या

चष्म्याच्या दुकानाचा मालक सायकलवरून आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर वळला आणि सवयीने त्याची नजर हँडलवरच्या मीटरवर गेली. मीटर म्हणत होता, नऊशे एक्याण्णव पूर्णांक दोन. समोर फाटकावरचं बॅनर म्हणत होतं, 'एक हजार किलोमीटर पूर्ण! अभिनंदन!' बॅनरखाली बायको होती, अख्खी गल्ली होती आणि खुर्चीत ताठ बसलेले सासरे होते.

चष्मेवाल्याने सगळ्यांना हसून हात केला, हँडल वळवलं आणि तो समोरच्या मैदानात शिरला. टाळ्यांसाठी वर झालेले हात तसेच वर राहिले.

खिशातला फोन वाजला.

"अहो, घर इकडे आहे!"

"माहितीये गं. आठ पूर्णांक आठ कमी पडतायत."

"काय कमी पडतंय?"

"किलोमीटर."

"मग पडू देत की! बारा दिवस तंगडतोड केलीत, आता आठाचं कोण विचारतंय?"

"तुझे वडील."

बायकोने खुर्चीकडे पाहिलं आणि फोन ठेवला.

सासऱ्यांनी छत्तीस वर्षं सरकारी नोकरीत जमिनी मोजल्या होत्या. निवृत्तीनंतर जमिनी सुटल्या, मोजणी सुटली नाही. घरात नवा सोफा आला, तर ते आधी त्याला टेप लावत आणि मग टेकत. अठरा वर्षांत जावयाला त्यांनी 'ठीक' दोनदा म्हटलं होतं, 'बरं' अनेकदा म्हटलं होतं, पण 'शाब्बास' एकदाही नाही. बारा दिवसांपूर्वी चष्मेवाल्याने सायकलवर टांग टाकत चारचौघांत हजार किलोमीटरची घोषणा केली, तेव्हाही ते एवढंच म्हणाले होते, "मोजून बघू."

कागदावर रस्ता बरोबर हजाराचा आखलेला होता. पण वाटेत एका भल्या ट्रक ड्रायव्हरने जवळचा रस्ता दाखवला. त्या माणसाला चष्मेवाला तीन दिवस दुवा देत होता. आज ते त्याने बंद केलं.

मैदानाची एक फेरी चारशे मीटरची. म्हणजे बावीस फेऱ्या.

तिसऱ्या फेरीला गल्ली मैदानात आली. पाचव्या फेरीला सासऱ्यांची खुर्ची आली. सातव्या फेरीला कोणीतरी बॅनरही खिळ्यांसकट उपटून आणलं आणि मैदानातल्या झाडाला ठोकलं. शेजारचा दातांचा डॉक्टर हौसेने ट्रम्पेट वाजवायचा. स्वागताची धून त्याच्याकडे सोपवलेली होती, पण शेवटची फेरी कुठली हे त्याला कोणीच सांगितलं नव्हतं. म्हणून तो प्रत्येक फेरीला वाजवत होता. पंधराव्या फेरीला त्याचे ओठ एवढे सुजले, की त्याचे पेशंट सुखावले असते.

"अजून किती?" बायको ओरडली.

"सात!"

"गॅस बंद करून येते मग!"

एकविसाव्या फेरीला बॅनरखालून जाताना मागचं चाक टकटक करू लागलं. बॅनरचा एक खिळा टायरमध्ये रुतला होता. चष्मेवाला थांबला. डॉक्टर धावत आला.

"हलू नका. काढतो."

"डॉक्टर, नको! तो आहे म्हणून हवा—"

सवयीचा हात. खिळा मुळापासून निघाला, पाठोपाठ हवाही निघाली.

"दुखलं का?" डॉक्टरने विचारलं.

गल्ली सल्ले देऊ लागली. मीटर पुढच्या चाकाला आहे, ढकलत न्या, मीटरला काय कळतंय? चष्मेवाल्याने खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीला कळत होतं. तो पुन्हा सायकलवर बसला आणि फटक फटक करत, पाठीचा कणा मणक्यागणिक मोजत, राहिलेलं अंतर त्याने पार केलं. मीटरवर एक हजार उमटले. ट्रम्पेट वाजलं.

सासरे उठले. खिशातून टेप निघाली. गल्ली भोवती गोळा झाली.

त्यांनी पुढच्या चाकाखाली काठीने रेघ मारली, चाक बरोबर एक वळसा पुढे ढकललं, दुसरी रेघ मारली आणि मधलं अंतर मोजलं. दोन मीटर दोन सेंटिमीटर.

"मीटरमध्ये चाकाचा घेर किती भरलाय?"

"सायकलच्या दुकानदाराने भरलाय, बाबा," म्हणत चष्मेवाल्याने बटण दाबलं. दोन मीटर दहा.

दोघेही वाकलेले होते. दोघांचाही हिशेब एकाच वेळी झाला. दुकानदाराने दुसऱ्याच कुठल्या मोठ्या चाकाचा घेर भरला होता. बारा दिवस मीटर प्रत्येक वळशाला आठ सेंटिमीटर फुकट वाढवत होता. झाले होते नऊशे बासष्ट.

चष्मेवाल्याचा चेहरा मागच्या टायरसारखा झाला. सासऱ्यांनी त्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे, मग डॉक्टरच्या ओठांकडे. टेप खटकन मिटली.

"हजार!" ते गरजले. "पूर्ण! शाब्बास, जावईबापू!"

बरीच वर्षं न वापरल्याने शब्द जरा गंजलेला निघाला, पण निघाला. मैदान टाळ्यांनी दणाणलं. सासऱ्यांनी जावयाला मिठी मारली आणि कानाशी तोंड नेलं.

"अडतीस राहिलेत. उद्या सकाळी साडेपाच. मी मागून स्कूटरवर येतो. आणि हिला बोललात तर बघा."

घरात शिरताना बायको कौतुकाने म्हणाली, "बाबांनी चक्क मिठी मारली हो! कानात काय म्हणाले?"

"आराम करा म्हणाले," चष्मेवाला म्हणाला. "अगं, पंक्चरवाला किती वाजेपर्यंत असतो?"